जनसंपर्कवाले खोटं बोलतात? त्याआधी ते काय विचारत नाहीत, ते पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या वाचकपत्रांच्या पानावर एका गृहस्थांनी जनसंपर्क व्यवसायाबद्दल लिहिलं आहे. या क्षेत्रातली माणसं पगार घेऊन खोटं बोलतात, पैसे मोजून बातम्या छापून आणतात, कुणीही आपल्या मुलांना या धंद्यात पाठवू नये, असा पत्राचा एकूण सूर आहे. मी २७ वर्षं एका रासायनिक कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पत्र वाचून आधी राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र त्यातला काही भाग मला स्वतःलाच टोचला. म्हणून हे उत्तर लांबलं आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर इतिहासाचा भाग कापा. पाण्याची गोष्ट तेवढी ठेवा.

आधी पैशांचं बोलते. वर्तमानपत्रातली जागा विकत घेतली तर ती जाहिरात, आणि ती जाहिरात आहे हे वाचकाला दिसलं पाहिजे. बातमीसाठी पैसे दिले आणि वाचकापासून ते लपवलं तर ती फसवणूक. तिथे देणारा आणि घेणारा, दोघंही दोषी. असं घडतं, मी नाकारत नाही. पण तेच आमचं रोजचं काम आहे, हा समज चुकीचा. आमची प्रेसनोट उपसंपादकाच्या टेबलावर जाते आणि तिथे तिचं काय करायचं ते तो ठरवतो. मी दहा पाठवल्या तर दोन-तीन लागायच्या, त्याही कात्री लागून. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या उद्घाटनाची नोट पाठवली होती. पहिल्या तीन ओळी नुसत्या साहेबांच्या पदव्यांच्या. संध्याकाळी एका उपसंपादकांचा फोन आला, "बाई, यात बातमी कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्या एका प्रश्नानं मला जेवढं शिकवलं तेवढं पुढच्या कुठल्याच प्रशिक्षणात शिकायला मिळालं नाही.

दुसरा समज बायकांच्या वाट्याला जास्त येतो. जनसंपर्क म्हणजे हसतमुख चेहरा, गोड बोलणं, पाहुण्यांना पुष्पगुच्छ. मला मुलाखतीत विचारलं होतं की तुम्हाला माणसांशी बोलायला आवडतं का. वाचायला आवडतं का, हे कुणी विचारलं नाही. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस वाचण्यात जायचा : सुरक्षा विभागाचे अहवाल, प्रयोगशाळेचे तक्ते, कामगार संघटनेची निवेदनं, आजूबाजूच्या वस्तीतून आलेले तक्रारअर्ज. उरलेला वेळ लिहिण्यात आणि प्रश्न विचारण्यात. तेही बहुतेक वेळा आतल्याच माणसांना. बाहेरच्यांशी गोड बोलणं त्यामानानं फार सोपं. आपल्याच वरिष्ठांना "हे असं लिहिता येणार नाही" म्हणणं कठीण, आणि पगार खरं तर त्यासाठी असतो.

याचं एक उदाहरण देते. एका रात्री पावणेतीनच्या सुमारास कारखान्यातल्या शीतकरणाच्या लाईनवरचा व्हॉल्व्ह निकामी होऊन अमोनियाची गळती झाली. मी पोहोचले तेव्हा दोन कामगारांना रुग्णालयात नेलं होतं. व्यवस्थापकांनी मजकूर तयारच ठेवला होता : किरकोळ गळती, परिस्थिती पूर्ण नियंत्रणात, कोणतीही हानी नाही. मी विचारलं, कुंपणापलीकडच्या वस्तीत कोण जाऊन आलं? कुणीच गेलं नव्हतं. मग 'कोणतीही हानी नाही' हे आपल्याला कुणी सांगितलं? खोलीत कुणी बोलेना. शेवटी हातात मास्क धरून उभे असलेले पाळीप्रमुख म्हणाले, "बाई बरोबर विचारताहेत."

त्या रात्री आम्ही जी नोट दिली तिच्यात गळती किती वाजता झाली, वायू कोणता, लोकांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेनं दूर जावं, नाकातोंडावर ओला कपडा धरावा, दोन कामगार रुग्णालयात आहेत, वस्तीत तपासणी सुरू आहे आणि पुढची माहिती सकाळी सहाला मिळेल, एवढंच होतं. सहा वाजेपर्यंत वस्तीत खोकला आणि डोळ्यांची जळजळ होणारी अकरा माणसं सापडली. त्यांत तीन मुलं होती. व्यवस्थापकांचा कागद तसाच गेला असता तर तीन तासांत तो खोटा ठरला असता. आणि तरी ते व्यवस्थापक लबाड नव्हते. घाबरले होते, आणि स्वतःला धीर देण्यासाठी जे खरं असावंसं वाटत होतं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. बाहेर जे 'खोटं' म्हणून दिसतं त्यातलं बरंचसं आत असं जन्माला येतं. कुणी कट रचून बसलेलं नसतं. न तपासलेलं वाक्य एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि शेवटचा हात आमचा असतो.

पत्रलेखक म्हणतात, हा धंदाच मुळात लपवाछपवीसाठी जन्मला. त्याच्या जन्माची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. आयव्ही ली हा अमेरिकेतला मूळचा पत्रकार. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांसाठी काम करताना त्यानं संपादकांना एक निवेदन पाठवलं. आमचं काम उघडपणे चालेल आणि आम्ही दिलेली कुठलीही माहिती संपादकाला पडताळायची असेल तर आम्ही आनंदानं मदत करू, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात कोसळले, ५० हून अधिक माणसं गेली. अपघात दडपण्याकडे तेव्हा रेल्वे कंपन्यांचा कल असे. त्या रेल्वे कंपनीचंही काम पाहणाऱ्या ली यानं बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली आणि कंपनीच्या वतीनं माहिती जाहीर केली. पहिलं आधुनिक प्रसिद्धिपत्रक म्हणून आमच्या अभ्यासक्रमांत तेच शिकवतात.

आमचे लोक गोष्ट इथे थांबवतात. ती पुढे आहे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर सशस्त्र हल्ला झाला. एका तंबूखालच्या खड्ड्यात जीव वाचवायला लपलेल्या दोन बायका आणि ११ मुलं मेली. त्यानंतर त्या खाणकंपनीवर ताबा असलेल्या रॉकफेलर कुटुंबानं ली यालाच नेमलं. त्यानं खाणमालकांची बाजू मांडणारी पत्रकं देशभर वाटली. कामगार नेत्यांना भरमसाट पगार मिळतात, असंही त्यांत होतं, आणि ते आकडे चुकीचे निघाले. पुढे चौकशी आयोगापुढे त्याला विचारण्यात आलं, मालकांनी दिलेली माहिती खरी आहे की नाही हे पाहायला तू स्वतः काय प्रयत्न केलेस? त्याचं उत्तर होतं : काहीही नाही. संपादकांना पडताळणीत मदत करायचं वचन देणारा हाच माणूस. मध्ये फक्त आठ वर्षं गेली होती.

हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तरुण होते आणि मला ते लांबचं वाटलं होतं. नोकरीला १८ वर्षं झाल्यावर ते जवळ आलं.

आमच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. त्याचं पाणी रंगीत येतं, वास येतो, अशा तक्रारी सुरू झाल्या. एका बातमीदारानं फोन केला. मी प्रयोगशाळेकडे कागद मागितला. कागद आला, 'सर्व घटक विहित मर्यादेत'. खाली सही, शिक्का, तारीख. मी त्यावरून खुलासा लिहिला आणि माझ्या नावानं पाठवला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. वरिष्ठांनी बोलावून कौतुक केलं.

दोन आठवड्यांनी एक तरुण बातमीदार कार्यालयात आला. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "मॅडम, नमुना कुठल्या दिवशी घेतला होता? आणि त्या दिवशी प्लँट चालू होता का?" मी तारीख पाहिली. त्या दिवशी आणि त्या आधीचे दोन दिवस देखभालीसाठी उत्पादन बंद होतं. ओढ्यात आमचं पाणी जातच नव्हतं. म्हणजे माझ्या खुलाशातला शब्द न् शब्द खरा होता आणि त्यातून वाचकाला जे समजलं ते खोटं होतं. मी तो प्रश्न विचारला नव्हता. विचारायला दोन मिनिटं लागली असती. अमोनियाच्या रात्री विचारणारी मीच, शिक्का पाहून गप्प बसले.

आपण स्वतःच दुरुस्ती प्रसिद्ध करू, असं मी व्यवस्थापनाला सांगितलं. नकार मिळाला. बातमीदारानं ते छापलं, आणि त्यानं छापलं ते बरंच झालं. पुढे रहिवाशांच्या एका सभेत कंपनीच्या बाजूनं मला बसवलं होतं. एक बाई उठून थेट माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे म्हणून तुम्हीच लिहिलं होतं ना? मी त्याच पाण्यानं पोरांना आंघोळ घातली." मी माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली नाही, आणि स्वीकारावी असं मलाही वाटलं नाही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत कुठलाही तपासणी अहवाल माझ्याकडे आला की नमुना कधी, कुठे, कुणी घेतला, तेव्हा काय चालू होतं, हे लेखी मिळाल्याशिवाय मी एक ओळ लिहिली नाही. त्यावरून वाद झाले. दोनदा बढती हुकली. त्याचं मला दुःख नाही. त्या बाईंचं आहे.

म्हणून पत्रलेखकांना सांगावंसं वाटतं की आमच्यावरचा आरोप थोडा वेगळा करून लावा. आम्ही खोटं रचतो, असं म्हटलं की आमच्यातला प्रत्येक जण सुटतो, कारण प्रत्येकाला मनापासून वाटत असतं की मी तर काही रचलं नाही, मी दिलेली माहिती पुढे पाठवली. ली यालाही तेच वाटत असणार. आम्हाला विचारा, तुम्ही तपासलं होतं का?

आता आमच्या ताकदीबद्दल. लोकांना वाटतं, पीआरवाला मनात आणील तर समाजाचं मत फिरवतो. याला पुरावा म्हणून अमेरिकेतला जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज आणि १९२९ सालचा ईस्टरचा तो मोर्चा नेहमी सांगितला जातो. सिगारेट कंपनीसाठी त्यानं न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर काही तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावलं, 'स्वातंत्र्याच्या मशाली' असं नाव दिलं, आणि म्हणे त्या दिवसापासून बायकांचं धूम्रपान सुरू झालं. मोर्चा झाला, छायाचित्रं छापून आली, हे खरं. पण बायका त्याआधीही सिगारेट ओढत होत्या आणि त्यांची संख्या वाढतच होती. एका सकाळनं इतिहास बदलला, ही गोष्ट बर्नेज स्वतः आयुष्यभर सांगत राहिला, आणि तो १०३ वर्षं जगला. आम्ही सर्वशक्तिमान आहोत हा समज आमच्याच व्यवसायानं पसरवला आहे, कारण त्यावर गिऱ्हाईक मिळतं. टीकाकार तोच समज उलट्या बाजूनं उचलतात. त्या प्रसंगात मला खुपतं ते वेगळंच. हा सगळा मामला एका तंबाखू कंपनीच्या पैशांवर चाललाय, हे रस्त्यावर बघणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

तंबाखूचं नाव निघालंच आहे तर आमच्या व्यवसायावरचा सगळ्यात मोठा डागही सांगते. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत सिगारेट कंपन्यांचं पानभर निवेदन आलं. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, आम्ही संशोधनाला मदत करू, असा मथितार्थ. त्यामागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क संस्था होती. ते निवेदन मी अनेकदा वाचलं आहे, आणि व्यवसायातली म्हणून सांगते, ते फार सफाईनं लिहिलेलं आहे. थेट खोटं पकडायला जावं तर हाताला फारसं लागत नाही. शंका पेरली आहे. जिथे डॉक्टर धोका दाखवत होते तिथे 'अजून नक्की नाही' हे तीन शब्द पेरून कंपन्यांनी पुढची कित्येक वर्षं काढली. त्यात किती माणसं गेली असतील याचा विचार केला की माझ्या ओढ्याच्या खुलाशाची जात तीच होती, हे मला मान्य करावं लागतं.

उलट्या बाजूचा एक समज आमच्या क्षेत्रात आवडीनं जपला जातो. चांगला जनसंपर्क कंपनीला कुठल्याही संकटातून बाहेर काढतो, आणि दाखला टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचा. १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात कुणीतरी या गोळ्यांच्या बाटल्यांमध्ये सायनाइड मिसळलं, सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातून सुमारे ३.१ कोटी बाटल्या परत घेतल्या, १० कोटी डॉलरहून जास्त खर्च सोसला, आणि उघडलं तर कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणलं. यात बोलण्याचं कसब किती? औषध उचलण्याचा निर्णय होता म्हणून सांगण्यासारखं काही होतं. आर्थर पेज नावाचे गृहस्थ १९२७ पासून एटी अँड टी या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत हे काम पाहत. त्यांच्या नावानं सांगितलं जाणारं एक तत्त्व माझ्या टेबलाच्या काचेखाली वर्षानुवर्षं होतं : संस्थेबद्दल लोकांचं मत ९० टक्के तिच्या वागण्यावरून ठरतं, १० टक्के तिच्या बोलण्यावरून. आमच्या हातात ते दहा टक्के. ९० ज्यांच्या हातात आहेत त्यांच्या खोलीत आम्हाला बसू दिलं नाही तर दहांचा काही उपयोग नाही. आणि टायलेनॉलमध्ये विष बाहेरच्या गुन्हेगारानं घातलं होतं. चूक स्वतःची असताना कंपनी तितकी मोकळेपणानं वागते का, याचं उत्तर त्या उदाहरणातून मिळत नाही.

'वाईट का होईना, प्रसिद्धी ती प्रसिद्धी' हे वाक्यही नेहमी ऐकू येतं. पुस्तकांच्या परीक्षणांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की वाईट परीक्षणानं अनोळखी लेखकांच्या पुस्तकांची विक्री ४५ टक्क्यांनी वाढली आणि नावाजलेल्यांची १५ टक्क्यांनी घटली. म्हणजे ज्याला कुणी ओळखत नाही त्याला कदाचित फायदा. वस्तीशेजारच्या कारखान्याला सगळे ओळखत असतात.

मोजमापाबद्दलही थोडं, कारण खोटेपणाची एक सवय तिथेही लागते. नोकरीच्या सुरुवातीची बरीच वर्षं दर महिन्याला मी कात्रणांवर पट्टी ठेवून कॉलम सेंटीमीटर मोजायचे, त्याला जाहिरातीच्या दरानं गुणायचे, आणि बातमीवर लोकांचा विश्वास जास्त म्हणून आणखी तीननं. तो आकडा मोठा करून अहवालात जायचा. तीन का, चार का नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१० मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन जाहीर केलं की जाहिरातीच्या दरानं केलेली ही किंमत जनसंपर्काची किंमत नाही. मी ती पट्टी त्याच वर्षी बंद केली आणि त्याऐवजी आलेल्या तक्रारींपैकी किती जणांना किती दिवसांत उत्तर मिळालं, ते मोजायला लागले. वरिष्ठांना हा आकडा आवडला नाही, कारण तो लहान होता.

एका बाबतीत मी पत्रलेखकांच्या बाजूची आहे. डॉक्टर किंवा वकिलाला परवाना लागतो, तो काढूनही घेता येतो. बहुतेक देशांत जनसंपर्काचं काम कुणीही करू शकतं. व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहिता आहेत, आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९६५ मध्ये अथेन्समध्ये एक स्वीकारली. पण संघटनेतून काढलं तरी माणूस दुसऱ्या दिवशी तेच काम करू शकतो. कधीतरी कारवाईचा परिणाम होतो. दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याबद्दल बेल पॉटिंजर या लंडनच्या बड्या संस्थेला सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघटनेनं काढून टाकलं आणि गिऱ्हाइकं सोडून गेल्यानं ती संस्था काही दिवसांतच बुडाली. हे अपवादानं घडतं. रोज पहारा ठेवतो तो तारीख आणि प्लँटबद्दल विचारणारा बातमीदार. आपल्या वृत्तपत्रानं अशी माणसं ठेवावीत, त्यांना प्रेसनोट जशीच्या तशी उतरवून घेण्याइतक्या घाईत टाकू नये, ही आपल्यालाही विनंती.

राहिला प्रश्न मुलांना या व्यवसायात पाठवण्याचा. गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या मुलीनं मला फोन केला. तिला एका मोठ्या कंपनीत जनसंपर्क विभागात नोकरी मिळत होती, सल्ला हवा होता. मी तिला म्हटलं, शेवटच्या मुलाखतीत एकच विचार, काही बरंवाईट घडलं त्या रात्री निर्णय होतो त्या खोलीत मी असेन का? तिनं विचारलं. समोरच्यांनी तिला सांगितलं की काळजी करू नका, मजकूर तुम्हाला वेळेवर मिळेल. तिनं ती नोकरी घेतली नाही. अजून शोधते आहे.

आपली,
एक निवृत्त जनसंपर्क अधिकारी